कुंदाला पाजलेलं पाणी

कुंदे, ये, अशी जवळ सरक. तू डोंबिवलीत आणि मी इथे माजिवड्यात अकराव्या मजल्यावर, पण कागदावर शेजारी बसायला खोपटला उतरून बस बदलावी लागत नाही. आधी तुला रागावून घेते, मग लिहायला घेते, नाहीतर माझा हात पुढे सरकायचा नाही. परवा फोनवर काय म्हणालीस तू? "आपली आई काय, मी मरायला टेकले होते तेव्हाही टोपली घेऊन बाजारात!" आणि वर हसलीस. अगं, आजी झालीस आता, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलतात? एकदा नाही, तुझ्या लग्नात बोललीस, आईच्या दहाव्याला बोललीस, आणि परवा पुन्हा. मी गप्प बसले. त्या बाबतीत मी गप्पच बसत आलेय. या वहीत मी आपल्या घराचं सगळं लिहिलं, नारळी पुनव लिहिली, होळीची सोंगं लिहिली, बाबांची रेतीची बोट लिहिली. हे पान मात्र तीनदा लिहून तीनदा फाडलं. आता चौथ्यांदा लिहितेय आणि फाडायची ताकद उरलेली नाही, म्हणून हे राहील.

तुला ते घर आठवत नाही. तुला कळायला लागेपर्यंत पुढे पत्र्याची पडवी निघाली, ट्यूबलाइट आली. माझ्या लहानपणी दोन खोल्या होत्या, मागच्या दारातून दहा पावलं टाकली की खाडीचा चिखल, आणि घरात शिरलं की पहिल्यांदा नाकाला भेटायचं ते मीठ. लोक म्हणतात कोळ्याच्या घराला मासळीचा वास येतो. बाहेरच्याला येत असेल. मला वास यायचा तो मिठाचा, ओला, थंडगार, जिभेच्या मुळाशी जाणवणारा. मिठागरातून आणलेलं जाडं मीठ कोपऱ्यात गोणीत उभं असायचं आणि पावसाळ्यात गोणी खालून पाझरायची. सकाळी जाग यायची ती विळीवर बोईट मासा चिरल्याच्या आवाजानं. खर्र, मग एक थांबणं, मग पुन्हा खर्र. आई चिरायची, आतडी काढायची, आणि तिच्या शेजारी मी बसायचे मीठ भरायला. पोटात मूठ, कल्ल्यात चिमूट, वरून पुन्हा मूठ, मग मडक्यात एकावर एक थर. "हात राखू नको गो," आई म्हणायची. "मीठ कमी परला तर माल कुजंल." संध्याकाळपर्यंत मासळी आवळून यायची आणि मडक्यात चांगलं वीतभर पाणी साठलेलं असायचं. ते पाणी आम्ही ओतलेलं नसायचं, मासळीतूनच आलेलं. मला वाटायचं, मिठानं तिच्यातली कुज बाहेर ओढून काढली. बारा वर्षांच्या पोरीला आणखी काय वाटणार? सातवीत शाळा सुटली होती, मीठ भरायला हात हवा होता ना घरात.

तेव्हा गल्लीत महिन्यातून एकदा गायकवाड सिस्टर यायच्या. कल्याणच्या चाळीतून रोज दवाखान्यात येणारी उंच, सावळी बाई, पांढरी साडी, पायात किरमिजी चप्पल, आणि आवाज असा की नळावरची भांडणं आपोआप थांबायची. त्या साली जुलाबाची साथ होती. सिस्टर नळाच्या ओट्यावर उभ्या राहिल्या आणि आमच्याच घरचा तांब्या मागून घेऊन त्यांनी सगळ्या बायकांना दाखवलं. उकळून गार केलेलं एक तांब्या पाणी, त्यात मूठभर साखर, आणि तीन बोटांची एक चिमूट मीठ. "पाजायच्या आधी स्वतः चाखा," त्या म्हणाल्या. "अश्रूंपेक्षा खारट लागलं तर फेकून द्या."

"मग आधी रडून बघायला होवा!" शेजारची काशीमावशी म्हणाली.

"तुम्हाला कशाला रडायला हवं मावशी," सिस्टर म्हणाल्या, "तुमचे मालक रडत असतील की!"

बायका हसून हसून वाकल्या. मीही हसले. सिस्टरनी ते पाणी मला चाखायला दिलं, सगळ्यांत पुढे मीच उभी होते म्हणून. खरं सांगू? मला ते पाणी बिनचवीचं लागलं. आमच्या घरात तीन बोटांची चिमूट मांदेलीच्या एका वाट्यालाही पुरत नसे. मनात म्हटलं, या बाईला मीठ काय ते माहीत नाही.

पुढच्या आठवड्यात तुला जुलाब लागले. दीड वर्षाची होतीस, गुबगुबीत, हसलीस की हनुवटीला खळी. आदल्या दिवसापासून चाललं होतं. बाबा रेतीच्या बोटीवर, चार दिवस घरी यायचे नव्हते. घरात दोन टोपल्या ताजी मासळी होती, ती त्या दिवशी विकली नसती तर खाडीत टाकावी लागली असती. आता नीट वाच कुंदे, कारण हे तुला कुणी सांगितलेलं नाही. आई दोनदा निघाली आणि दोनदा परत आली. पहिल्यांदा गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आली, टोपली डोक्यावरून न उतरवता दारात वाकून तुझ्या कपाळाला हात लावला. दुसऱ्यांदा टोपली खाली ठेवली, पदराला हात पुसले, तुला घेतलं, अंगावर पाजलं, आणि मग माझ्याकडे दिलं. "पेज पाज. पानी पाज, घटकेघटकेला पाज. खाली ठेवू नको तिला. मी दुपारच्याला येतंव." तिसऱ्यांदा गेली ती वळून बघतच गेली. तू त्या वेळी बरी होतीस. दमलेली, पण बरी होतीस. माझी बट ओढत होतीस.

आणि मला शहाणपणा सुचला. सिस्टरनी दाखवलेलं पाणी करायचं मी ठरवलं, पण माझ्या पद्धतीनं. पाणी उकळून गार केलं, तेवढं बरोबर केलं. साखरेचा डबा काढला आणि परत ठेवला. गोडानं जंत होतात हे घरात रोज ऐकलेलं, आणि मला वाटलं, साखर काय ती हट्टी पोरांनी प्यावं म्हणून घातलेली, आमची कुंदा तर नुसतं पाणीही गटागटा पिते. मीठ मात्र मी घातलं. गोणीत हात घातला आणि मासळीला घालते तशी मूठ घातली. पोटात काही कुजतंय म्हणून तर जुलाब होतात, आणि कुजायचं थांबवायला मीठच लागतं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. ते मी चाखलं नाही. मासळीचं मीठ कुणी चाखतं का?

पहिले चार चमचे तू प्यायलीस, तहानलेली होतीस. मग तोंड फिरवलंस. मग मी गाल दाबून पाजलं, औषध पाजतात तसं. तू ओकलीस, मी पुसलं, पुन्हा पाजलं. जुलाब वाढले. तू रडत होतीस आणि रडताना डोळ्यांत पाणी येत नव्हतं. मला वाटलं, अजून कुजतंय. म्हणून मी तांब्यात आणखी मीठ घातलं.

हे वाक्य मी पहिल्या तिन्ही वेळा लिहिलं नव्हतं. आता लिहिलं. थोडी बसते.

हल्ली असंच होतं, चार ओळी लिहिल्या की थकते. पायांना सूज येते, बोट दाबलं की खड्डा पडतो आणि बराच वेळ तसाच राहतो. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय आजी, पाणी जिथे नको तिथे साठतंय. मीठ बंद केलंय. काय म्हणू त्यांना?

दुपारी आई आली. टोपली दारातच टाकून दिली तिनं, कारण तुझं रडणं ऐकू येत नव्हतं. तू माझ्या मांडीवर होतीस, डोळे खोल गेलेले, ओठ पापडासारखे. आईनं तुझ्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती चिमटी तशीच उभी राहिली. मग आई धावली. अनवाणी, तुला छातीशी धरून, टेंभी नाक्याच्या बाजूच्या दवाखान्यापर्यंत. मी मागून धावत होते आणि माझ्या हातात तो तांब्या तसाच होता. खाली ठेवायचं सुचलंच नाही.

सिस्टर दारातच भेटल्या. "काय काय दिलं हिला?" त्यांनी विचारलं.

"पेज, पानी," आई म्हणाली. "सिस्टर, माझी पोर..."

सिस्टरनी माझ्या हातातला तांब्या बघितला. घेतला. करंगळी बुडवून जिभेला लावली. तोंड वाकडं केलं नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. मग मोरीत सगळं ओतून टाकलं आणि आईला म्हणाल्या, "तुम्ही हिला घेऊन डॉक्टरांसमोर बसा. हिची मोठी बहीण पाणी करून आणते." डॉक्टरांनी तपासलं, श्वास सोडला आणि सांगितलं, घाई करायची नाही, चमचा चमचा, दिवसभर. इकडे सिस्टर मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. मला वाटलं थोबाडीत मारतील. त्यांनी तांब्या विसळून माझ्यासमोर ठेवला. "तूच कर," म्हणाल्या.

"माझ्यानं नाय होणार."

"तूच करायचं. हात धुवून घे. साखर मूठभर. हां. आता मीठ. तीन बोटं. तीन म्हटलं ना! हलवून चाख."

मी चाखलं. मी रडतच होते, त्यामुळे तोंडात दोन्ही चवी आल्या आणि मला फरक कळेना. सिस्टर स्टुलावर बसल्या. "काय समजून घातलंस गं एवढं मीठ?" मी सांगितलं. मासळी, कुज, मूठ, सगळं. त्या रागावतील असं वाटलं होतं, पण त्या पदरानं वारा घेऊ लागल्या.

"ऐक," त्या म्हणाल्या. "तुमची मासळी मेलेली असते. मेलेल्या अंगाला कष्ट नाहीत. जिकडे मीठ जास्त तिकडे पाणी आपोआप जातं, म्हणून मासळीचं पाणी मडक्यात येतं. तू कुंदाच्या आतड्यात मीठ ओतलंस, तर तिच्या रक्तातलं पाणी आतड्यात आलं आणि वाहून गेलं. पण कुंदा जिवंत आहे. जिवंत आतड्याला एक दार असतं. त्या दारातून मीठ आत घेतात, पण एकट्याला घेत नाहीत. साखरेचा हात धरून आलं तर घेतात. दोघं आत गेले की पाणी त्यांच्या मागनं जातं. जुलाबातसुद्धा ते दार बंद होत नाही. म्हणून साखर. गोडासाठी नाही."

"दार कोन उघडं ठेवतं?"

"कुंदाच ठेवते. तिच्या अंगातला प्रत्येक कण आत आलेलं मीठ उपसून बाहेर टाकत असतो, होडीतलं पाणी उपसतात ना तसं. आत मीठ कमी राहतं म्हणूनच नवीन मिठाला आत यावंसं वाटतं. उपसायचं थांबलं की सगळं थांबलं. तुझी बहीण इतकी दमलीय, तरी उपसतेय. आपण तिला फक्त बरोबर पाणी द्यायचं."

ती दुपार मला घड्याळासकट आठवते. आई तुला मांडीवर घेऊन बाकावर, मी खाली बसून चमचा चमचा. एक चमचा, मग शंभरपर्यंत आकडे, मग पुढचा. सिस्टरनी शंभर सांगितले म्हणून शंभर. तू ओकलीस की थांबायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. बाहेर नाक्यावर कुणीतरी देवीच्या मांडवाचे बांबू ठोकत होतं, त्या ठोक्यांनी आकडे चुकायचे. काशीमावशी पेज घेऊन आली, आईनं तिच्याकडे बघितलंही नाही. पाच वाजून गेले असतील, तेव्हा तू आईच्या मांडीवर लघवी केलीस. आई ओल्या लुगड्याकडे बघत राहिली, तिला कळेना काय झालं. सिस्टर पलीकडून ओरडल्या, "मुतली! कुंदा मुतली!" आणि अख्ख्या बाकावरचे आजारी लोक हसायला लागले. आई हसता हसता रडायला लागली, आणि रडता रडता जे बोलायला लागली ते मरेपर्यंत थांबली नाही.

"मी टाकून गेलंव पोरीला. मासळीसाठी टाकून गेलंव."

सिस्टरनी माझ्याकडे बघितलं. थांबल्या. त्यांनी मला वेळ दिला, कुंदे, बराच वेळ दिला. मी तांब्यात बघत राहिले. निघताना दारात त्या हळूच म्हणाल्या, "आईला तू सांग. मी सांगणार नाही."

मी नाही सांगितलं. त्या दिवशी भीती होती. आठवड्यानं वाटलं, आता पोर बरी झाली, कशाला. आणि महिन्याभरात आईची ती गोष्ट गल्लीभर झाली होती, मग ती मोडायची कशी तेच कळेना. जुलाब लागायच्या आदल्या दिवशी आईनं तुझ्या तोंडात निवटीचं, खाडीच्या चिखलातल्या त्या माशाचं, एवढंसं मांस चावून घातलं होतं, आणि त्यानंच तुला बाधलं असं तिनं धरलं. त्यानंतर आईनं जन्मभर निवटी खाल्ली नाही. इतकी आवडायची तिला. तिच्या ताटात मी कधी वाढायला गेले तर हातानं ताट झाकायची. जो येईल त्याला सांगायची, मी अशी आई, मी टोपली घेऊन गेले. तू मोठी होत गेलीस तशी तीच गोष्ट ऐकत गेलीस, आणि आईवर चिडलीस की तीच तिच्या तोंडावर फेकायला शिकलीस. तू फेकलीस की आई मान खाली घालायची. मी स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत असायचे.

मी सिस्टरकडे जात राहिले, पट्ट्या गुंडाळायला, बाटल्या धुवायला. त्यांनी मला त्यांचं नर्सिंगचं जुनं पुस्तक दिलं, पाठ फाटलेलं. एक एक ओळ बोट ठेवून मी ते वाचलं. जे येतं मला ते तेवढंच. विसरण म्हणजे जास्तीकडून कमीकडे आपोआप जाणं. त्याला काही खर्च नाही, छातीत हवा अशीच रक्तात शिरते. आणि सक्रिय परिवहन म्हणजे कमीकडून जास्तीकडे, उतारावरून वर, ओढून नेणं. त्याला सतत अन्न जळतं, झोपेतही, नुसतं बसून राहिलं तरीही. त्या पानावर मी किती दिवस अडकले होते सांगू? म्हणजे माणूस काही न करता पडून असला तरी आतून काम चाललेलंच. मला ते तेव्हा फार भारी वाटलं होतं. आता वाचते तर वाटतं, म्हणूनच इतकं दमायला होतं. सिस्टर दर वेळी निघताना विचारायच्या, "सांगितलंस?" मी म्हणायचे, "नाही." पुढे त्यांची बदली झाली, तेव्हा त्यांनी विचारलं नाही. नुसता पाठीवरून हात फिरवला. ते मला जास्त लागलं.

लोकांना वाटतं गप्प राहणं सोपं असतं, तोंड मिटलं की झालं. तसं नसतं गं. रोज ते वर येतं, रोज खाली लोटावं लागतं. आईला जेवायला वाढताना लोटावं लागतं, तुझ्या लग्नात अक्षता टाकताना लोटावं लागतं. आई शेवटी माझ्याकडेच होती, तुला माहीत आहे. अंगात काही उरलं नव्हतं, डोळे मिटून पडून असायची. एक दिवस दुपारी मी तिच्या पायांना तेल लावत होते तर तिनं विचारलं, "कुंदी अजून रागं हाय का माझ्यावर?" मी म्हटलं, "नाय गो." तेव्हा सांगायचं होतं. तोंड उघडलंसुद्धा. पण तिनं इतक्या निवांतपणे मान कलती केली की मला वाटलं, संध्याकाळी सांगू. संध्याकाळी शेजारची बाई बसायला आली. दुसऱ्या दिवशी आईला ऐकू येत होतं की नाही कोण जाणे, मी तिच्या कानाशी बसून सगळं सांगितलं, मूठ, तांब्या, सगळं. तिनं बोट हलवलं. ते मला उद्देशून हलवलं, की नुसतंच हललं, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

म्हणून आता तुला सांगितलं. आईनं तुला टाकलं नव्हतं. तुला मरायला मी टेकवलं होतं, चांगलं करायला जाऊन, आणि आईनं धावत नेऊन वाचवलं. तिच्या तळपायाला त्या दिवशी काच लागली होती, ते दवाखान्यातून परत येताना मी बघितलं, रस्ताभर डाग होते. तिला स्वतःला ते घरी येईपर्यंत समजलं नव्हतं.

हे वाचून तू फोन करशील. मी उचलणार नाही, आधीच सांगते. या गोष्टीला फोन पुरत नाही. तुला ओरडायचं असेल तर ओरड, चार दिवस अबोला धरायचा असेल तर माझ्याच घरात बसून धर, मी तुला दोन वेळा वाढीन आणि काही विचारणार नाही. फक्त ये. लिफ्ट चालू आहे, दार उघडंच असतं दुपारचं. या आठवड्यात जमलं तर या आठवड्यातच ये, कुंदे. मला आता फार दिवस वाट बघवत नाही.